राळेची जमीन आणि कारागिराची सनद

अक्कलकोटहून दुधनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे मैंदर्गी हे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा सारख्याच सहजतेने कानी पडाव्यात असे सरहद्दीवरचे छोटे शहर, कागदोपत्री नगरपरिषदेचे पण वळणाने अजून गावच राहिलेले; आणि अशा ठिकाणच्या माणसांच्या पायांखाली आजवर कोणकोणती जमीन आली याचा वृत्तान्त कोणी लिहावयास घेतला, तर त्यातील पहिल्या तीन प्रकरणांसाठी त्याला फारसे सायास पडणार नाहीत. माळवदाच्या घरांतील, चोपण्याने चोपून घट्ट केलेली आणि सणावाराला शेणाने सारवलेली मातीची जमीन हे पहिले प्रकरण. सोलापूर-वाडी लोहमार्गावर दुधनी आणि कलबुर्गी मागे टाकल्यावर लागणाऱ्या शहाबादच्या खाणींतून निघणारा, थराथरांनी सुटणारा आणि म्हणूनच यंत्रावाचूनही फरशीचे रूप घेणारा चुनखडक हे दुसरे. सिमेंटच्या आगमनानंतरचा कोबा, मोझेइक आणि अखेर टाइल हे तिसरे. आणि त्यातील नक्षीच्या सिमेंट टाइलला तर स्वदेशीच्या चळवळीचा वारसा आहे, कारण परदेशी फरशीस तोडीस तोड माल याच देशात व्हावा या ईर्ष्येने सिधवा कुटुंबाने मुंबईत १९२२ साली या टाइलांचा कारखाना काढला होता.

चौथे प्रकरण सध्या लिहिले जात आहे, आणि ते घरांतून नव्हे, तर औषधांच्या कारखान्यांतून, शस्त्रक्रियागृहांतून, दुग्धशाळांतून आणि मालाच्या कोठारांतून लिहिले जात आहे. सांध्यावाचून भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेली, धुण्यास सुलभ, आम्लांना दाद न देणारी अशी ही कृत्रिम राळेची जमीन. कामावरची माणसे तिला सरसकट ‘इपॉक्सी’ म्हणतात, मग ती इपॉक्सीची असो वा पॉलियुरेथेनची. औषधनिर्मितीसंबंधीच्या नियमांतील ‘अनुसूची एम’ अन्वये उत्पादनाच्या जागेतील भिंती, जमीन आणि छत ही गुळगुळीत, भेगारहित आणि सहज स्वच्छ करता येण्याजोगी असणे बंधनकारक आहे; ही अनुसूची २०२३ च्या अखेरीस नव्याने आणि अधिक कडक स्वरूपात जारी झाली. सोलापूरजवळच्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत जी रसायनांची आणि औषधी द्रव्यांची कारखानदारी आहे तिला या नियमापुढे शहाबादी फरशी चालावयाची नाही, हे सांगावयास नकोच, कारण दोन फरश्यांमधील सांधा म्हणजे जंतूंना दिलेली वतनाची जागा.

पहिल्या तीन प्रकारच्या जमिनी ज्यांनी घातल्या त्यांच्यापाशी कोणतेही प्रमाणपत्र नव्हते. पोर वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी बिगारी म्हणून घमेली वाहू लागे, काही वर्षांनी त्याच्या हाती थापी येई, मग उस्ताद त्याला कोपऱ्यातली, कोणाच्या नजरेस न पडणारी फरशी बसवू देई, आणि असे करता करता एके दिवशी लोक त्याला मिस्त्री म्हणू लागत. सनद देणारे कोणी दफ्तर नव्हते. पण त्या व्यवस्थेला एक जामीन मात्र होता, आणि तो म्हणजे गावाची स्मृती. ज्याच्या हातची फरशी डगडगली, ज्याच्या कोब्याला पहिल्याच उन्हाळ्यात तडा गेला, ज्याच्या न्हाणीघराचे पाणी मोरीकडे न जाता उंबऱ्याकडे आले, त्याचे नाव साऱ्या पेठेला ठाऊक होई, आणि तो इसम त्याच पेठेत राहत असल्याने त्याला ते रोज ऐकावे लागे. शिवाय दोष उघडा असे. पाणसळ ठेवून, पाण्याचा तांब्या ओतून, नाहीतर नुसत्या काठीच्या टोकाने ठोकून फरशी पोकळ वाजते की भरीव, हे घरधन्याला स्वतःच पाहता येत असे.

राळेच्या जमिनीच्या बाबतीत हे दोन्ही आधार एकदम निखळून पडतात. ती घालणारी टोळी आज सोलापुरात, पुढच्या महिन्यात हैदराबादेस आणि त्यानंतर पुण्यात असते. आणि जमीन ज्या दिवशी मालकाच्या ताब्यात दिली जाते त्या दिवशी उत्तम काम आणि निकृष्ट काम ही दोन्ही सारखीच तकाकतात. दोन मिलिमीटर जाडीचा थर कराराने कबूल करून दीडच मिलिमीटर घातला, तर तो फरक उभ्या माणसाच्या डोळ्यांना कळणे अशक्य आहे. वास्तविक हिशेब साधा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर जाडी म्हणजे बरोबर एक लिटर माल, पण रिकामे डबे मोजण्याची तसदी कितीजण घेतात? पोपडे निघतात ते चार-सहा महिन्यांनी, पहिल्या पावसाळ्यानंतर किंवा फोर्कलिफ्टची चाके वळू लागल्यावर. तोवर बिल चुकते झालेले असते. ज्या कामाची परीक्षा ते पुरे झाल्यावर करता येत नाही, तेथे ते करणाऱ्याची परीक्षा अगोदर करून ठेवावी लागते, आणि व्यावसायिक प्रमाणपत्राचे समर्थन जर कोठे निरपवादपणे होत असेल, तर ते अशाच व्यवसायांत होते. ही परीक्षा कशाची घ्यावयाची, हा मात्र स्वतंत्र प्रश्न आहे. आणि माझ्या मते तेथेच बहुतेक योजनांची गफलत होते.

प्रथम हा पदार्थ काय आहे ते पाहू. इपॉक्सी राळेचा शोध कोणा एकाच्या नावावर मांडता येत नाही. जर्मनीत पॉल श्लाक यांनी १९३४ च्या सुमारास या वर्गातील संयुगांवर एकस्वाचा अर्ज केला. स्वित्झर्लंडचे पिएर कास्तां दातांच्या कवळ्यांसाठी योग्य द्रव्य शोधीत असताना याच रसायनाशी येऊन पोहोचले. आणि अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली हे रंगांच्या कारखान्यात काम करीत असता स्वतंत्रपणे तेथेच आले. दंतवैद्यकाला त्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण बासेलच्या सीबा कंपनीने ते हक्क घेऊन १९४६ साली ‘अॅरल्डाइट’ बाजारात आणले, आणि दोन नळ्यांतील ते चिकट द्रव्य पुढे आपल्याकडेही घरोघरी फुटक्या मूठ-दांड्यांचे वैद्य होऊन बसले. भारतात या राळेचे उत्पादन करण्यासाठी अतुल आणि सीबा यांनी मिळून १९६० साली वलसाडजवळ सीबातुल ही कंपनी काढली. भारतीय मानक संस्थेने इपॉक्सीच्या जमिनी घालण्याची कार्यसंहिताही तयार केली, आय. एस. ४६३१ या क्रमांकाची, तिची १९८६ ची आवृत्ती उपलब्ध आहे. म्हणजे काम कसे करावे हे कागदावर येऊन एका पिढीहून अधिक काळ लोटला. ते ज्याने करावयाचे त्याच्या हातापर्यंत मात्र तो कागद क्वचितच पोहोचला.

दोन डबे असतात. एकात राळ, दुसऱ्यात तिला घट्ट करणारे द्रव्य, ज्याला कामावर ‘हार्डनर’ म्हणतात. रंगात टर्पेंटाइन घालावे तसे हे अंदाजाने घालून चालत नाही, कारण येथे वाळणे ही क्रियाच नाही. एका डब्यातील रेणूंनी दुसऱ्या डब्यातील रेणूंशी ठरावीक प्रमाणात बद्ध होऊन जाळे विणावयाचे असते, आणि प्रमाण चुकले की उरलेले रेणू जन्मभर एकटेच राहतात. हार्डनर जास्त घातला म्हणजे जमीन लवकर घट्ट होईल ही पेंटरकीतून आलेल्या माणसाची स्वाभाविक समजूत येथे सपशेल खोटी ठरते. ती जमीन कायमची चिकट किंवा ठिसूळ होते. डबा मिसळला की घड्याळ सुरू झाले. ही क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की तिचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो; तेव्हा वीस अंश सेल्सिअसला जो माल चाळीस मिनिटे हाताळता येतो तो तीस अंशांना वीस मिनिटे आणि चाळीस अंशांना जेमतेम दहा मिनिटे पुरतो. कंपनीच्या पत्रकावर छापलेली मुदत ही बहुधा थंड प्रयोगशाळेतली असते आणि सोलापूरचा मे महिना बेचाळीस अंशांचा असतो, एवढे एकच वाक्य जरी शिकाऊ कारागिराच्या मनावर ठसले, तरी कित्येक बादल्या धूर सोडीत आवळून जाण्याचे टळेल. माल बादलीत ठेवू नये, मिसळताच जमिनीवर ओतून पसरावा, कारण साठ्यात उष्णता कोंडते आणि थरात ती निसटते. गुऱ्हाळावरचा गुळव्या काहिलीतील रसाकडे ज्या सावधपणाने पाहतो आणि नेमक्या क्षणी ती उतरवितो, तीच नजर येथे हवी. गुळव्याची नजर तयार होण्यास हंगामच्या हंगाम जातात, हे ज्यांनी गुऱ्हाळे पाहिली आहेत त्यांना ठाऊक आहे.

परंतु ओतणे, दातेरी पात्याने पसरविणे, तळव्याला खिळे लावलेले जोडे घालून त्या ओल्या थरात उभे राहणे आणि काटेरी रोलर फिरवून आतील हवेचे बुडबुडे काढणे हे जे प्रेक्षणीय काम, त्यात जमिनीचे आयुष्य ठरत नाही. ते त्यापूर्वीच, धुळीत आणि कंटाळवाण्या मोजमापांत ठरून गेलेले असते. काँक्रीट ओतल्यावर पाण्याबरोबर सिमेंटचा बारीक अंश वर येऊन जो अशक्त थर जमतो, तो ग्राइंडरने किंवा पोलादी गोळ्यांच्या माऱ्याने काढून टाकल्याशिवाय राळ काँक्रीटला चिकटत नाही, त्या थराला चिकटते. आणि मग एके दिवशी त्या थरासकट उठून येते. तेल पिऊन बसलेले जुने काँक्रीट, पूर्वीच्या रंगाचे अवशेष, भेगा, खळगे या प्रत्येकाची वेगळी तजवीज करावी लागते. नुसते घासून भागत नाही. घासल्यावर जमिनीला किती खरखरीतपणा आला आहे हे नमुन्याच्या तुकड्यांशी ताडून पाहण्याची रीत आहे, कारण पातळ थराला मऊ खरखर आणि जाड थराला खोल खरखर लागते. मग त्या पृष्ठभागाची ताकद. पन्नास मिलिमीटर व्यासाची धातूची चकती जमिनीला डकवून यंत्राने ओढावयाची. दर चौरस मिलिमीटरला दीड न्यूटन हा सर्वमान्य किमान दंडक, म्हणजे त्या एवढ्याशा चकतीने सुमारे तीनशे किलो वजनाइतकी ओढ सहन केली पाहिजे. तुटावयाचेच तर काँक्रीट आतून तुटावे, सांधा सुटू नये.

आणि सर्वांत मोठा शत्रू म्हणजे ओल. आमच्याकडे हा शत्रू दोन वाटांनी येतो. एक खालून: सोलापूर जिल्ह्यातील काळी माती पाणी धरून ठेवण्यात आणि त्याबरोबर फुगण्यात प्रसिद्ध आहे, आणि तिच्यावर थेट ओतलेल्या काँक्रीटखाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरण्याचे ठेकेदाराने टाळले असेल, तर ती ओल केशाकर्षणाने सावकाश वर चढत राहते. उघड्या कोब्यातून ती हवेत निघून जाते आणि कोणाला कळतही नाही. त्याच कोब्यावर राळेचे अभेद्य आवरण घातले की तिची वाट बंद होते, आणि मग ती फोड आणून आपली वाट काढते. नवे काँक्रीट तर स्वतःच ओले असते. अठ्ठावीस दिवसांत त्याला ताकद येते, पण ताकद येणे आणि वाळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत; एका इंचाला एक महिना असा जुना ठोकताळा आहे, त्या हिशेबाने चार इंचांच्या थराला चार महिने लागतील. कारखान्याच्या उद्घाटनाचा मुहूर्त चार महिने तहकूब करणारा मालक मला तरी ऐकून ठाऊक नाही.

ही ओल पाहण्याच्या रीती मुळीच दुर्बोध नाहीत. अठरा इंच चौरस पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी पट्टीने हवाबंद चिकटवून किमान सोळा तास ठेवावा आणि आतल्या बाजूस दव जमते का, काँक्रीटचा रंग गडद होतो का, ते पाहावे. याला खर्च जवळजवळ शून्य. काँक्रीटचा कुटलेला नमुना बंद बाटलीत कॅल्शियम कार्बाइडबरोबर हलवून निर्माण होणाऱ्या वायूच्या दाबावरून ओलीचे प्रमाण काढण्याची दुसरी रीत आहे, आणि सामान्य इपॉक्सीसाठी वजनाच्या चार टक्क्यांच्या वर ओल असल्यास काम करू नये असे बहुतेक उत्पादक सांगतात.

दुसरी वाट वरून येते, हवेतून, आणि येथे पावसाळ्याचा हिशेब प्रत्यक्ष करून दाखविण्याजोगा आहे. हवा अठ्ठावीस अंशांची आणि तिची आर्द्रता पंच्याऐंशी टक्के असेल, तर दवबिंदू सुमारे सव्वापंचवीस अंशांवर येतो. राळ घालावयाची तर जमिनीचे तापमान दवबिंदूहून निदान तीन अंश अधिक असावे असा दंडक आहे, म्हणजे जमीन सव्वाअठ्ठावीस अंशांच्या वर हवी. ऑगस्टमधल्या सकाळी गोदामातील काँक्रीट रात्रीच्या गारव्याने सव्वीस अंशांवर असू शकते. डोळ्यांना ती जमीन कोरडी ठणठणीत दिसेल, आणि तरीही त्या सकाळी काम करणे चूक आहे. केलेच तर हार्डनरमधील अमाइन हवेतील बाष्पाशी आणि कर्बद्विप्राणिलाशी संयोग पावून वर पांढुरकी, तेलकट साय धरते आणि पुढचा थर तिच्यावरून घसरतो. उलट मे महिन्यात बेचाळीस अंश आणि वीस टक्के आर्द्रता असताना दवबिंदू चौदा-साडेचौदा अंशांवर उतरतो, दवाची भीती उरत नाही, पण घड्याळ वैरी होते. शिवाय सकाळी तापत जाणाऱ्या काँक्रीटच्या छिद्रांतील हवा प्रसरण पावून वर येते आणि ओल्या थरात टाचणीच्या टोकाएवढी भोके पाडते. म्हणून जाणता कारागीर पहिला थर दुपार कलल्यावर, जमीन निवू लागल्यावर घालतो. मैंदर्गीसारख्या गावातील मिस्त्रीला ऋतूंचे ज्ञान पिढीजात असते. त्याला फक्त तापमापक, आर्द्रतामापक आणि दवबिंदूचा एक तक्ता एवढेच नव्याने द्यावयाचे आहे.

आता आपल्या सरकारी व्यवस्थेकडे वळू. कारागिरांचे शिक्षण हा राज्यकर्त्यांचा विषय आहे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सार्वजनिक बांधकामांसाठी हाताखालची माणसे तयार करण्याचा वर्ग पुण्यात १८५४ सालीच निघाला होता, ज्यातून पुढे तेथील अभियांत्रिकी महाविद्यालय झाले, आणि मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली संस्था १८८७ ची. महायुद्ध संपल्यावर सुटलेल्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ साली जे केंद्रीय संचालनालय स्थापन झाले, त्याच्याच विद्यमाने १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली; आज ‘आयटीआय’ म्हणून सर्वांच्या परिचयाच्या असलेल्या संस्थांचे मूळ तेथे आहे. राष्ट्रीय व्यवसाय प्रशिक्षण परिषद १९५६ ची, शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. पुढे २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट जाहीर झाली, २०१५ साली प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना आली आणि २०१८ साली जुन्या परिषदेच्या जागी नवी नियामक परिषद अधिसूचित करण्यात आली. संस्थांची नावे बदलण्याचा वेग आणि कारागिरांचे हात तयार होण्याचा वेग यांत मेळ असता, तर या देशात अकुशल माणूस शोधून सापडला नसता.

आयटीआयमध्ये गवंड्याचा अभ्यासक्रम एक वर्षाचा आहे, सर्वसाधारण पेंटरचा दोन वर्षांचा. राळेची जमीन या दोहोंच्या मधल्या शिवावर पडते. काँक्रीट ओळखण्यापुरता तिचा कारागीर गवंडी असावा लागतो, थर देण्यापुरता पेंटर, आणि प्रमाण सांभाळण्यापुरता औषधविक्रेत्याच्या कंपाउंडरासारखा काटेकोर. व्यवहारात ही पोकळी माल विकणाऱ्या कंपन्या भरून काढतात. त्या एक-दोन दिवसांचे प्रात्यक्षिक घेतात आणि ठेकेदाराला ‘मान्यताप्राप्त अॅप्लिकेटर’ म्हणून कागद देतात. या उपक्रमाला नावे ठेवण्याचे कारण नाही, पण त्यातील दोन उणिवा स्पष्ट आहेत. तो कागद ठेकेदाराच्या पेढीच्या नावावर असतो, ग्राइंडर धरणाऱ्या माणसाच्या नव्हे, त्यामुळे तो माणूस पेढी सोडून गेला की त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते आणि कागद पेढीतच राहतो. आणि शिकविणाराला आपला माल खपवावयाचा असल्याने ‘आज माल वापरू नका’ हा धडा त्याच्या तोंडून सहसा जोराने निघत नाही.

परदेशांत काय आहे? ब्रिटनमध्ये या व्यवसायाची ‘फेर्फा’ नावाची संघटना १९६९ पासून आहे. तिने राळेच्या जमिनींचे जाडीनुसार आणि उपयोगानुसार आठ प्रकार ठरवून दिले आणि कारागिरासाठी राष्ट्रीय व्यावसायिक अर्हतेची सोय केली, जिचे मूल्यमापन वर्गात न होता प्रत्यक्ष कामाच्या जागेवर होते. जर्मनीची हकीकत अधिक बोधप्रद आहे. तेथे जमिनीचा थर घालणाऱ्याचा व्यवसाय स्वतंत्र, तीन वर्षांच्या उमेदवारीचा. आणि पूर्वी स्वतःची पेढी काढण्यास उस्तादाची परीक्षा उत्तीर्ण होणे सक्तीचे होते. स्पर्धा वाढावी म्हणून २००४ साली त्रेपन्न व्यवसायांवरची ही सक्ती उठविण्यात आली, ज्यांत जमिनीचे थर, फरशी, लाकडी फळ्यांची जमीन आणि टेराझो हे सगळे आले. पेढ्या भरमसाट वाढल्या, शिकाऊ उमेदवार घेणाऱ्यांची संख्या रोडावली, आणि २०२० च्या फेब्रुवारीत बारा व्यवसायांवर ती सक्ती पुन्हा बसविण्यात आली. वर सांगितलेले चारही व्यवसाय त्या बारांत आहेत. मुक्त बाजाराचा एवढा उघड माघार-हुकूम क्वचितच पाहावयास मिळतो. याखेरीज काँक्रीटच्या दुरुस्तीत कृत्रिम राळ वापरणाऱ्यांसाठी तेथे वेगळे प्रमाणपत्र आहे, आणि ठरावीक वर्षांनी उजळणी केल्यावाचून ते चालू राहत नाही. युरोपीय संघाने तर पॉलियुरेथेनमधील डायआयसोसायनेट या द्रव्यांमुळे दमा जडतो हे ध्यानी घेऊन २४ ऑगस्ट २०२३ पासून ठरावीक प्रमाणाहून अधिक ती असलेला माल प्रशिक्षण घेतल्याशिवाय व्यवसायासाठी हाताळण्यास मनाई केली आहे.

हा आरोग्याचा मुद्दा आमच्या योजनांत शेवटच्या तासाला, चहा येण्यापूर्वी उरकला जातो, म्हणून येथे थोडे थांबतो. न जमलेली इपॉक्सी कातडीला वारंवार लागली की काही माणसांच्या शरीरात तिच्याविषयी कायमचे वावडे निर्माण होते. मग पुढे नुसत्या वासानेही हात-चेहरा सुजतो आणि चांगला कमावता कारागीर त्या धंद्यातून कायमचा उठतो. हात पुसावयास थिनर वापरणे म्हणजे ते विष कातडीत आणखी खोल जाऊ देणे, आणि तरीही कामावर सर्रास तेच चालते. पातळ कापडी हातमोजे निरुपयोगी, नायट्राइलचे हवेत. ग्राइंडरच्या धुळीतील सिलिका फुप्फुसांत साचून होणारा सिलिकोसिस १९४८ च्या कारखाना कायद्याच्या परिशिष्टात अधिसूचनीय रोग म्हणून नोंदला गेला. पण हा कारागीर कारखान्यात काम करीत असला तरी कारखान्याचा कामगार नसतो, आणि त्याच्या खोकल्याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. ग्राइंडरला जोडलेला धूळशोषक चैनीची वस्तू नाही, हे परीक्षेत गुण ठेवूनच शिकवावे लागेल.

मैंदर्गीच्या मिस्त्रीपाशी आज जो सरकारी कागद असू शकतो तो बांधकाम कामगार म्हणून नोंदणीचा. १९९६ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या व्यवस्थेत अठरा ते साठ वयाच्या, मागील वर्षात नव्वद दिवस बांधकामावर राबलेल्या कोणाही इसमास नोंदणी करता येते. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवून त्यातून कल्याणनिधी जमतो, आणि नव्वद दिवसांचा दाखला शहरात नगरपरिषदेच्या अधिकाऱ्याकडूनही मिळू शकतो. दाखला मौल्यवान आहे, त्यावर मुलांच्या शिष्यवृत्त्या आणि दवाखान्याची मदत अवलंबून असते. परंतु तो माणूस राबला एवढेच त्यातून सिद्ध होते. तो काय जाणतो याबद्दल तो मजकूर मूक आहे. पूर्वानुभवाला मान्यता देण्याची जी योजना कौशल्य विकासाच्या चौकटीत आहे, म्हणजे आधीच काम करीत असलेल्या माणसाला अल्प मार्गदर्शन देऊन त्याची परीक्षा घेणे, ती या दृष्टीने योग्य दिशेची आहे, आणि पुण्याच्या बांधकाम व्यावसायिकांच्या ‘कुशल’ उपक्रमाने वर्ग कामाच्या जागेवरच भरवून रोजंदारी न बुडविता शिकविता येते हे दाखवूनही दिले आहे. रोज बुडणे ही अडचण बाहेरच्या माणसाला क्षुल्लक वाटते. ज्याचे घर आठवड्याच्या बाजारावर चालते त्याला तीन दिवसांचा फुकट वर्ग फुकट पडत नाही.

माझी हरकत परीक्षेच्या आशयाला आहे. चार पर्यायांतून एक निवडण्याचे प्रश्न आणि दोन चौरस मीटरांचा एक चकाकता नमुना यांवर ही परीक्षा संपता कामा नये, कारण नमुना चकाकतोच. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या आवारात काँक्रीटचे तीन चौथरे करावेत: एक कोरडा आणि निकोप, एक खालून ओला ठेवलेला, एक यंत्राच्या तेलाने माखून मुरविलेला, उमेदवाराला ते कोणते हे सांगू नये, त्याच्या हाती प्लास्टिक, पट्टी, तापमापक, हातोडी आणि वजनकाटा द्यावा, आणि सोळा तासांनंतर त्याचे मत विचारावे. तेलकट चौथऱ्यावर त्याने काय करावयाचे ते करून दाखवावे. ओल्या चौथऱ्यावर मात्र एकच उत्तर बरोबर आहे, ते म्हणजे काम करण्यास नकार, कारणासह. आणि जो तेथे रोलर हाती घेईल तो अनुत्तीर्ण, मग त्याचा हात कितीही सफाईदार असो. कोरड्या चौथऱ्यावर त्याने घातलेला थर आठव्या दिवशी, राळ पूर्ण जमल्यावर, चकती लावून ओढून पाहावा आणि जाडी मोजावी; गुण त्यावर. तोंडी प्रश्न कानडीत की मराठीत हे उमेदवाराने ठरवावे. शिकविणारा आणि तपासणारा एक नसावा हे तत्त्व सध्याच्या चौकटीतही आहेच, ते केवळ कागदावर राहू नये.

अशा सनदेला किंमत यावयाची तर कंत्राटाच्या मसुद्यात एक कलम हवे: सनदधारक कारागिराने ओलीची आणि दवबिंदूची नोंद सहीनिशी केल्यावाचून काम सुरू करू नये, आणि त्याने लेखी नकार दिलेल्या दिवसाची मजुरी कापली जाऊ नये. औषधांचे कारखाने तसेही प्रत्येक गोष्टीची नोंदवही ठेवतात. त्यात आणखी एका पानाची भर पडेल. परीक्षेतील खर्चाची मोठी बाब म्हणजे माल. तीन मीटर चौरस चौथऱ्यावर दोन मिलिमीटरचा थर म्हणजे अठरा लिटर, वजनात सत्तावीस किलोंच्या आसपास, दर उमेदवारामागे. चौथरा एक मीटर चौरस केला तर तोच माल तीन किलोंवर येतो आणि परीक्षेच्या खरेपणात काही उणे होत नाही. एवढा भार उपकराच्या निधीवर टाकण्यास अडचण नसावी, कारण नोंदित कामगारांच्या प्रशिक्षणावर तेथून खर्च करण्याचा प्रघात आहेच. प्रश्न आहे तो ओढून पाहण्याच्या यंत्राचा, आणि ते एक यंत्र सोलापूरच्या विजापूर रस्त्यावरील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ठेवून अक्कलकोट, बार्शी, पंढरपूर अशा तालुक्यांना पाळीपाळीने पाठविता येईल.